लगतचा खातेदार

(नाशिकमधलं एक रुग्णालय. ऑपरेशनचा आदला दिवस. कारभारी खाटेवर, शेजारी त्यांची बायको मालनबाई.)

कारभारी : ते सगळं खरं, डॉक्टर, पण हद्द कायम झाल्याबिगर मी सही करणार नाय. बत्तीस वर्षं निफाड तालुक्यात सरकारी मोजणीदार होतो मी.

डॉ. वल्लरी : काका, उजव्या फुप्फुसात गाठ आहे तेवढाच भाग दुर्बिणीतून काढायचाय. पण आतल्या भागांच्या हद्दी वरून दिसत नाहीत.

कारभारी : बांधच नाय?

डॉ. वल्लरी : नाही. म्हणून दोन पद्धती. एक, फुप्फुस फुगवून त्या भागाची नळी बंद करायची. बाकीचं बसतं, तेवढा भाग फुगलेला राहतो.

कारभारी : हवा शेजारी सरकत नाय?

डॉ. वल्लरी : सरकते. विड्या ओढणाऱ्यांची जास्तच.

मालनबाई : ऐका!

कारभारी : दुसरी सांगा.

डॉ. वल्लरी : त्या भागाचं रक्त थांबवून शिरेतून रंग सोडायचा. खास कॅमेऱ्यात बाकी सगळं हिरवं दिसतं, तो भाग काळा.

मालनबाई : हिरवं ठेवायचं, काळं काढायचं. मला कळलं. करा सही.

कारभारी : तू थांब. रंग टिकतो किती?

डॉ. वल्लरी : काही मिनिटं. तेवढ्यात मी कडेनं डाग देऊन खुणा करते.

कारभारी : दगड रोवत नाय?

डॉ. वल्लरी : छातीत?

कारभारी : बरं. दोन्ही मोजण्या करा. आन् लगतच्या खातेदाराला नोटीस द्या. त्याला न कळवता मी कधी साखळी टाकली नाय.

डॉ. वल्लरी : लगतचे खातेदारही तुम्हीच की, काका.

कारभारी : मी तर बेशुद्ध! मग हरकत कोण घेणार?

मालनबाई : डॉक्टर, हे भ्यालेत. भ्याले की नियम सांगत्यात. आमच्या लग्नात मांडव मोजत बसले होते.

कारभारी : अडीच फूट शेजाऱ्याच्या हद्दीत होता तो.

डॉ. वल्लरी : दोन रेषा वेगळ्या आल्या, तर मी गाठीपासून लांबची धरणार. चांगल्यातलं थोडं जाईल.

कारभारी : चांगल्यातलं? ...श्वास पुरंल?

डॉ. वल्लरी : पुरेल.

कारभारी : मी कधी कुणाचं बोटभर जाऊ दिलं नाय हो.

डॉ. वल्लरी : माहितीये. बोला, लगतचा खातेदार कोण लिहू?

कारभारी : ...ही. बेचाळीस वर्षं माझ्या उजव्या कुशीला झोपती.

डॉ. वल्लरी : मालनबाई, काही हरकत?

मालनबाई : हाय. ह्यांच्या मापानं कापू नका. बोटभर माझ्या बाजूचं गेलं तरी चालंल, पण माणूस माघारी द्या.

कारभारी : तेवढं नोंदवून घ्या, डॉक्टर. आन् पेन द्या.