उद्घाटनाची चढाई

ज्यांनी जन्मात कधी मैदानाची माती अंगाला लावली नाही, त्यांनीच आमच्या मंडळाचा इतिहास चोरलाय. नाव घेत नाही, पण ऐका.

डोणगावजवळच्या आमच्या गावात कबड्डी मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता. मंडळ उभं करणाऱ्यांपैकी आता एकटे किसनआबा उरलेत, संघात कोपरा सांभाळणारे. मंडळ कसं घडलं ते त्यांनी सांगावं, म्हणून मी महिनाभर भांडलो. पण सगळा वेळ पाहुण्यांच्या शाल-नारळातच गेला. आबांना व्यासपीठावर खुर्चीसुद्धा नाही!

मी अध्यक्षांना म्हटलं, "भाऊ, आबाले बोलू द्या ना!"

"टाइम नाही बे. उद्घाटनाच्या चढाईत उभं करू आबाले. फोटोत येतील."

म्हणजे प्रमुख पाहुण्यानं 'कबड्डी कबड्डी' म्हणत यायचं, सगळ्यांना हात लावायचा आणि बाकीच्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. पाहुण्याला कुणी धरत नसतं. आमचे पाहुणे कॅमेऱ्याकडे बघत आले आणि त्यांनी आबांच्या खांद्याला हात लावला. आबांनी खाली बसून त्यांचा घोटाच धरला. पाहुणे बुटांसकट मातीत!

अध्यक्ष किंचाळले, "आबा, सोडा! काऊन धरलं त्याईले?"

"माह्या कोपऱ्यात आले ना ते," आबा म्हणाले. घोटा काही सोडला नाही.

तेवढ्यात माइकवाला गणेश माइकवरूनच म्हणाला, "झालं ना आबाचं भाषण! आता टाळ्या तं वाजवा बे!"