हौदाच्या जागी झोके

जयसिंग : ...म्हंजे हलवायचाच न्हाई म्हनतीस? आगं, दुपारी जेसीबी येनार. हितं पोरांचे झोके बसायचेत. बागवाल्या साहेबाच्या नकाशात तुझा दगड कुटंच न्हाई, सारजे.

सारजाबाई : नकाशात नसंल. हितं हाय न्हवं? राणीचा बा ह्याच हौदात उतरला, कागदाचा लगदा उपसाया. दोर ओढला तवा त्यो वर आला, पन दम खालीच ऱ्हायला. मागनं गिरनी बंद पडली, हौद बुजवला. म्या दगड मांडला, शेंदूर लावला. तवापासनं हितं दिवा लावाया कोन आलं, सांगा की दादा.

जयसिंग : कोन येतंय मरायला? साप आन् दारुडे! आता मातूर बाग व्हनार. पुन्याची लोकं गाड्या घिऊन येतील, पोरं खेळतील. वाडीतली चार घरं कामाला लागतील.

राणी : आये, दादा मला फाटकावर घेत्यात. तिकिटं फाडायची. बसाया खुर्ची हाय, वर पंखा हाय. अजून किती दिस दुसऱ्याच्या चिखलात भात लावू मी?

सारजाबाई : तू गप गं. तुला काय ठावं? तू पाटीत निजली हुतीस तवा.

राणी : त्येच तर म्हनते. बापाचं तोंड मला ठावं न्हाई. तू ह्यो दगड दावलास. पोरींचे बा बाजारातनं खाऊ आनायचे, मी दगडाला बा म्हनत मोठी झाले.

सारजाबाई : आन् त्यानं कवा तुला हाकललं का गं?

राणी : हाकललं न्हाई. जवळ बी घेतलं न्हाई.

जयसिंग : आता मायलेकी भांडू नका. सारजे, ऐक. तुझा मालक मंगळ्या आमच्या बरोबरीचा, मला का वाईट वाटत न्हाई? तू राजी झालीस, तर मी माझ्या हातानं दगड उचलतो. मागं रोपं हायेत तितं, करंजाखाली मांडतो. न्हाई म्हनलीस, तर जेसीबीवाला भय्या काय इचारत बसनार न्हाई. राडारोड्यात जाईल. आन् साहेब म्हनतोय, कामाला आडवं येनाऱ्या घरातलं मानूस फाटकावर नको.

सारजाबाई : म्या राजी हून काय उपेग? उठायचंय त्याला. त्याला इचारते. कौल लावते.

राणी : आये, आता ह्ये काय काढलंस!

जयसिंग : लावू दे गं. आमी बी रस्त्याकडंचं रान इकताना देवाला कौल लावला हुता.

सारजाबाई : काय दिला देवानं?

जयसिंग : रान तर इकलंच की.

सारजाबाई : म्या कौलाचं इचारलं, दादा.

जयसिंग : ...जाऊ दे ते. लाव तू.

सारजाबाई : मंग पायतान काढा आन् त्या भिताडापाशी हुबं ऱ्हावा. कौलाला परकं मानूस जवळ चालत न्हाई. राणे, पुजेचे तांदूळ दे, ओले करून. ह्यो एक दाना दगडाच्या उजव्या खांद्याला. ह्यो डाव्या. उजवा पडला तर उठतो म्हनाला. डावा पडला तर न्हाई.

(सारजाबाई पदर डोक्यावरून पुढे ओढते. दगड उन्हाने तापलेला आहे. तिच्या तळहाताला तो ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा लागतो.)

सारजाबाई :
गिरनीच्या भोंग्याला गं, उठे डोंगरीचा राया
कागुद पांढरा केला, काळी झाली त्याची काया

लेक तुझी बापा आता, उन्हातान्हाला दमली
उठ माझ्या राजसा रं, तिला सावली घावली

राणी : आये, हलतोय.

सारजाबाई : बोलू नगं.

राणी : आये... डावा. डावा पडला गं.

जयसिंग : काय झालं? मला हितनं दिसंना.

राणी : ऱ्हाऊ दे, आये. नको मला खुर्ची. त्यानं न्हाई म्हनलंय.

जयसिंग : आगं, काय पडलं? सांगा की!

सारजाबाई : उजवा, दादा! उजवा दिला!

राणी : आये! बापासमोर खोटं बोलतीस?

सारजाबाई : हळू बोल. त्या दिशी पाया पडून म्हनले हुते, वास लई येतुया, उतरू नगा. ऐकलं त्यानं माझं? मंग आज म्या का ऐकू त्याचं?

राणी : आन् कोपला तर?

सारजाबाई : माझ्यावर कोपंल. तू फाटकावर असशील.

जयसिंग : येऊ का मग? उचलू?

सारजाबाई : या दादा. उचला. त्या अंगानं नगं... हळू. मानंखाली हात घाला.