खोली किती हवी?

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे, आणि तो इतका सोपा आहे की तुम्ही हसाल. ऐकू जाणं म्हणजे काय? बघा, हसलात! आपण बोलतो, समोरचा हसतो, मान हलवतो, "हं" म्हणतो — झालं, आपण धरून चालतो की पोहोचलं! नवऱ्याच्या त्या "हं"वर किती संसार चाललेत या सभामंडपात, विचारू का हात वर करायला? नको? बरं, राहू दे.

पण पोहोचलं की नाही, हे बघायचं कोणी? ऐकणाऱ्याने, की बोलणाऱ्याने?

याचं उत्तर मी पुराणातून देणार नाही. सांगलीतल्या एका फ्लॅटमधून देणार आहे. आणि आधीच सांगते — तान्ही मुलं असलेल्या बायांनी मन घट्ट करून बसा.

एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हेरंब आणि मृण्मयी हे जोडपं राहायचं. हेरंब इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. घरात त्याची आई प्रमिलाबाई, आणि सात महिन्यांची लेक शर्वाणी. लाडाने शरू. हॉल केवढा? दहा बाय अकरा! त्यात सोफा, त्यात टीव्ही, त्यात दोरीवर वाळणारे लंगोट, आणि छताच्या कडीला टांगलेली शरूची झोळी. पाहुणा आला की घरातल्या एकाने उठून स्वयंपाकघरात जायचं — मान द्यायला नव्हे, जागा द्यायला!

आता या हेरंबाला गाण्याचं भारी वेड. "माझ्या मुलीच्या कानावर पहिल्यापासून उत्तम तेच पडलं पाहिजे!" बापाची हौस हो! वाईट आहे का? मुळीच नाही. पण हौस कशी? स्पीकर हवे ते जमिनीवर उभे राहणारे. फळीवरचे नकोत, भिंतीवरचे नकोत — खांबासारखे उभे!

कोल्हापूरच्या एका दुकानात फोन लावला. दुकानदार मुल्लाणी. माणूस सज्जन, फोनची रेंज मात्र अर्धी. ऐका हं संवाद, आणि कुठे घोटाळा झाला ते मला सांगा!

मुल्लाणी म्हणाले, "साहेब, खोली किती?"

हेरंब म्हणाला, "खोली? अहो, खोलीच तर पाहिजे! खोलीवर तडजोड नाही!"

"तसं नव्हे, किती धरू?"

"भरपूर धरा! आवाज पोटात उतरला पाहिजे!"

"म्हणजे एकदम प्रशस्त?"

"एकदम प्रशस्त!"

कळलं का? मुल्लाणी विचारत होते चार भिंतींची खोली. हा सांगत होता आवाजाची खोली! आपल्या मायबोलीने दोन्हीला एकच शब्द दिला. त्यात तिचा काय दोष? दोष आपला — खोली कोणीही विचारली, की आपण मोजमाप सांगत नाही, हौस सांगतो!

आले स्पीकर! उभे केले तर प्रमिलाबाईंच्या खांद्याला लागले. दाराच्या दोन बाजूंना दोन काळेकभिन्न. बाईंनी पदर सावरला. "अरे हेरंबा, हे जय-विजय कशाला आणलेस? वैकुंठ आहे का हे?"

"आई, तू फक्त ऐक," म्हणाला, आणि बटण दाबलं.

धूऽऽम!

अहो, पखवाज वाजला म्हणता म्हणता अख्खी खोली पखवाज झाली! मांडणीतली ताटं थरथरली, खिडकीची काच गुणगुणायला लागली. भिंतीला टेकून ठेवलेले ते दांडगे, एवढ्याशा खोलीत आवाज जाणार कुठे? कोपऱ्यात जाऊन घुमायला लागला. गवई काय गातोय, एक अक्षर कळेना — नुसतं घुम्म, घुम्म! खालचे पाटोळे काका धापा टाकत वर आले. "अहो सर, आमच्या देवघरातला गणपती भिंतीकडे तोंड करून बसलाय! रुसलाय का काय?"

सगळे हसले. आणि त्या हसण्यात एक हसणं वेगळं होतं. फरशीवर पातळ दुपटं घातलेलं, त्यावर शरू. हात उडवतेय, पाय झाडतेय, बोळकं पसरून खदाखदा हसतेय!

आणि मृण्मयी — तिची आई — तिच्या डोळ्याला धार लागली. मंडळी, लेक हसली म्हणून आई का रडते?

त्याचं कारण तिने अजून नीट कोणाला सांगितलं नव्हतं. आठवडाभरापूर्वी कुकरची शिट्टी झाली, ती स्वतः दचकली, पोर नाही दचकली. दाराची बेल वाजली, मान वळली नाही. मागून हाक मारली — नाही. घरात सगळे म्हणायचे, "किती गुणी गं बाई! झोपली की झोपली, बेल वाजो नाहीतर फटाके!" आणि प्रत्येक कौतुकाला ही आई स्वतःलाच विचारायची — गुणी, गुणी म्हणतात ते गुणीपणच आहे ना? एकदा धीर करून बोलली, तर प्रमिलाबाई म्हणाल्या, "असलं अभद्र बोलू नये! हेरंबसुद्धा उशिराच बोलला. आता थांबतो का?" तरीही तिने मिरजेला कानाच्या तपासणीची वेळ घेऊन ठेवली होती.

आणि आता हे हसणं! हेरंब म्हणाला, "बघ! बघ! ऐकू येत नाही म्हणत होतीस ना? ताल कळतोय माझ्या लेकीला! कशाला तान्ह्या जिवाच्या डोक्याला तारा लावायच्या?"

आईच्या मनालाही तेच हवं होतं हो! तिने मिरजेला फोन लावला, स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "आम्ही येत नाही. बाळाला ऐकू येतं."

अरेरे! हे वाक्य ध्यानात ठेवा, मंडळी. आवाज होता, प्रतिसाद होता, पुरावा डोळ्यांसमोर हसत होता. चुकलं कुठे?

तबल्यावरचे दादा, जरा नुसता डग्गा वाजवा. हं. अजून एकदा. कुठे लागला, सांगा? कानात? नीट बघा — छातीत लागला, मांडीखालच्या फरशीत लागला! माझ्या अंगावर आत्ता काटा येतोय, तुमच्याही येणार आहे.

महिने गेले. रोज संध्याकाळी गाणं, रोज शरू फरशीवर, रोज हसू. शेजारीपाजारी बघायला यायचे. मृण्मयी मात्र अधूनमधून मागून हाक मारून बघायची. वळली नाही, तर स्वतःचीच समजूत घालायची — खेळात असेल.

एक दिवस तिने फरशी पुसायला घेतली. ओल्यावर कसं ठेवणार? पोरीला झोळीत टाकलं. हेरंब कॉलेजातून आला, सवयीने गाणं लावलं. धूऽऽम! ताटं थरथरली, काच गुणगुणली. मृण्मयीने हसत वर बघितलं, आता झोळीत नाच सुरू होणार —

शरू टक्क जागी होती. स्वतःच्या पायाचा अंगठा धरून शांतपणे बघत बसली होती. जणू घरात कुणी चुटकीसुद्धा वाजवली नाही!

मृण्मयीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "हेरंब, तिला खाली ठेव."

"अगं, ओलं आहे."

"ठेव म्हणते ना!"

दुपटं टाकलं, ठेवलं. पोर खदाखदा हसली.

"उचल."

उचललं, झोळीत टाकलं. हसू गेलं!

"ठेव."

हसली!

हेरंबाचा चेहरा बघवेना. प्रमिलाबाई म्हणाल्या, "अगं, झोळीत तिला झोप येत असेल —" मृण्मयी उठली, गाणं बंद केलं. घर चिडीचूप. मग नवऱ्याला म्हणाली, "आता फरशीवर पाय आपट."

"काय?"

"तिच्या मागे उभा राहा. पाय आपट."

त्याने पाय आपटला. गाणं नाही, सूर नाही, काही नाही — आणि पोर तेच हसू हसली! तेच, रोजचं, ज्याला ते सगळे रसिकपणा म्हणत होते, तेच!

मंडळी... इंजिनिअर होता ना तो? कंपन त्याने शिकवलं होतं वर्गात. कंपन फळ्यावर कळतं, स्वतःच्या लेकीत नाही कळलं. तिला ऐकू येत नव्हतं. तिला फरशी हलल्याचं कळत होतं! झोळी छताला टांगलेली, तिथपर्यंत तो हादरा पोहोचत नव्हता. महिनोन्‌महिने बाप लेकीला गाणं ऐकवत होता, आणि लेक बापाचा हादरा झेलत होती.

मिरजेला तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "जितक्या लवकर आला असतात तितकं बरं झालं असतं. पण आलात. यंत्रं लावू, आणि घरात एक लक्षात ठेवा — तिला मोठा आवाज नको, स्पष्ट हवा. लहान खोलीत तो जाड आवाज घुमत राहिला, की बोलणं गिळून टाकतो."

दुसऱ्याच दिवशी जय-विजय टेम्पोत घालून नवरा-बायको कोल्हापूरला! मुल्लाणी म्हणाले, "साहेब, मी खोलीच विचारली होती."

हेरंब म्हणाला, "मी खोलीच सांगितली होती." दोघांपैकी कोणालाही हसू आलं नाही. मग खाली मान घालून म्हणाला, "दहा बाय अकरा."

"अरे देवा! मग हे मी दिलेच नसते!"

मला वाटलं, हा माणूस आता गाण्याचं नाव काढणार नाही. पण मृण्मयीच म्हणाली, "स्पीकर घ्यायचे. तिला सूर कळायचे असतील तर ते ताटांच्या थरथरीतून नको कळायला." मुल्लाणींनी कमरेएवढे सडपातळ जोड लावून दाखवायला सुरुवात केली. हेरंब समोर कान टवकारून. आणि मृण्मयी? ती चक्क दुकानात उकिडवी बसली, फरशीवर तळहात टेकून!

"ताई, काही पडलं का?"

"नाही. हा नको. हलतेय."

दुसरा जोड. "हाही नको." मुल्लाणींच्या ध्यानात आलं. त्यांनी तिसरा जोड भिंतीपासून पुढे ओढला, खाली जाड रबर घातलं, आवाज निम्म्यावर आणला. तिने हात टेकला. फरशी गप्प! आणि गाणारी बाई काय म्हणतेय, शब्दन्‌शब्द कळतोय.

"हा द्या."

घरी आणले. शरूच्या कानाला नवी यंत्रं. ती मृण्मयीच्या मांडीवर, पाठ बापाकडे. गाणं लागलं. काही नाही. पोर आईच्या मंगळसूत्राशी खेळतेय. हेरंबाने बघितलं, वाट बघितली, आणि बटण बंद केलं. उठून मागे जाऊन बसला. साध्या, हळू आवाजात म्हणाला, "शरू."

काही नाही.

"शरू... बाबा आहे."

मंगळसूत्रावरचा हात थांबला. डोळे मोठे झाले. आणि मंडळी — ती वळली! हे कुठून आलं, म्हणून शोधायला लागली! प्रमिलाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. हेरंबाने तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा नाही वळली. मी खोटं सांगणार नाही, चमत्कार झाला नाही. वर्षांची वाट आहे ती. पण एकदा वळली! आणि त्या वेळी फरशी हलत नव्हती.

आता मी वळते तुमच्याकडे. देवळात झांजा वाजतात, तुमच्या अंगावर काटा येतो, डोळे भरतात, तुम्ही डोलता. आम्ही कीर्तनकार खूश — पोहोचलं! खरंच पोहोचलं, की नुसती फरशी हलली? आत्ता या गोष्टीने डोळे पुसणारे कितीतरी जण घरी जाऊन दुसऱ्या खोलीतूनच ओरडणार आहेत — "अगं ए! ऐकू येत नाही का?" त्या बाईला, त्या म्हाताऱ्या वडिलांना, वहीत मान घातलेल्या त्या मुलाला तुमचा हादरा पोहोचतोय हो, रोज पोहोचतोय! शब्द पोहोचला का, हे तुम्ही कधी उठून, जवळ जाऊन बघितलंत?

दादा, तो माईक बंद करा. हो, बंद करा.

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय का? नाही? मी आवाज चढवणार नाही. उठा. तुम्ही थोडे पुढे या, मी थोडी पुढे येते.