माह्यं बी ऐकू नको

माहेर माहं बोरगावकडचं, सौंसरपासून लय दूर नाई. मायबाप दोघंबी दुसऱ्याच्या वावरात राबाले जात, जमीन म्हणाल तर झोपडी टेकली तेवढीच. बापानं बुद्धाची दीक्षा घेतली होती, पण काय सांगू तुमाले बाई, देव सुटले तरी भेव कुठं सुटते. मी आठ-नऊ वर्षांची असताना माह्या मोठ्या भावाले, किसनले, गंजीतून कडबा काढताना साप चावला. बाप म्हणे दवाखान्यात नेतो, पण सारे म्हणू लागले आधी मांत्रिकाले दाखव, अन् बाप भेलेला होता, त्यानं आयकलं. दिवसभर लिंबाचा पाला अन् मंतर चालू राहिले, सांजेले किसन गेला. बाप मरेपर्यंत म्हणत राहिला, मले सारं कळत होतं पोरी, मी फक्त भेलो.

मंग माहं लग्न झालं रामाकोन्यात. मालक माहे सुखदेव, दोन एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर, माणूस शांत पण हट्टी. सासू जुन्या वळणाची. विहारातबी येई, अन् घरी कोणाचं डोकं दुखलं तर मीठ-मिरच्याबी ओवाळे. मी काही बोलत नसे, म्हातारं माणूस, कायले दुखवा. एका पावसाळ्यात विहारात ग्रंथवाचन चालू होतं, वाचणारे आमच्या शाळेचे गुरुजी, ते म्हणाले, मोह मोह म्हणता तर तो निस्ता दारूचा अन् जुव्याचा नसते, भेलेल्या माणसाले जे सोपं दिसते तोबी मोहच, अन् त्या घडीले डोकं चालत नाई, म्हून डोकं चालते तवाच ठरवून ठेवा. माह्या डोळ्यासमोर किसन आला. घरी येता येता मी मालकाले म्हटलं, आपल्या घरी कोणाले साप चावला तर सिधं सौंसरच्या दवाखान्यात, बुवाकडे नाई. ते म्हणाले, हाव. मी म्हटलं, अन् तुमाले चावला तर? ते तिथंच उभे राहिले, उलीसा विचार केला अन् म्हणाले,

"मले चावला अन् मीच म्हटलं बुवाकडे ने, तरी माह्यं बी ऐकू नको."

दुसऱ्या दिवशी विहारात जाऊन दोघाईनं त्रिशरण-पंचशील म्हटलं अन् मूर्तीसमोर तेच बोलणं परत केलं. सासूले सांगितलं नाई, ती माही चूक झाली.

दोनक वर्षं गेली असतील. ऐंशीच्या पुढचंच कोणतंतरी साल, माही धाकटी तवा चालाले लागली होती. हिवाळ्याचे दिवस, कापसाची वेचणी चालू, भर दुपार. मी एका ओळीत, मालक बाजूच्या ओळीत. ते काही ओरडले नाई, निस्ते खाली बसले अन् म्हणाले, चावला व. घोट्याच्या वर दोन ठिपके. बंडी वावरातच उभी होती, शेजारचा रामाजी धावत आला, त्यानं बैल जुंपले, आमी त्याईले उचलून बंडीत निजवलं, पाय हलू दिला नाई. सासूबी वेचणीलेच होती, ती माह्या बाजूले बसली.

गावाबाहेर रस्ता फुटते. डावीकडं टोला, चार घरांची वस्ती, तिथं मांत्रिक, पाच मिनिटं नाई लागत. समोर डांबरी सडक, मोटार भेटली तर सौंसर, नाई भेटली तर नाई. सासूनं रामाजीच्या हातातला कासराच धरला, म्हणे डावीकडं घे. रामाजीबी म्हणे, भाभी, जवळ आहे, आधी तिकडं दाखवून घेऊ. अन् मालकाच्या पापण्या पडून राहिल्या होत्या, जीभ जड झाली होती, त्याईनं माहा हात धरला अन् म्हणाले, शांता, बुवाकडे ने, मले मरायचं नाई.

खोटं नाई सांगत, माहं मन डावीकडं गेलं. सडक रिकामी दिसून राहिली होती, मोटार आली नाई तर लोकं जन्मभर म्हणतील, इनंच मारलं नवऱ्याले. पण मले विचार करायचाच नव्हता, विचार करून झाला होता. मी म्हटलं, "तुमीच सांगितलं होतं ऐकू नको. मी नाई ऐकत." सासूच्या हातातून कासरा सोडवला अन् बंडी सडकेवर घ्याले लावली. बुद्धं सरणं गच्छामि म्हणत राहिली, थांबली नाई.

संत्र्याचा ट्रक आला तशी मी सडकेच्या मधात उभी राहिली. डायव्हर शिव्या देतच उतरला, पण मालकाले पाहिलं अन् पेट्या सरकवून त्यानंच जागा केली. दवाखान्यात डॉक्टरनं पहिलं हेच विचारलं, झाड़-फूँक में टाइम तो नहीं गँवाया? मी म्हटलं, नाई साब, सिधे आये. मंग सुईवर सुई, सलाईन. दोन दिवस मालकानं डोळे उघडले नाई, तिसऱ्या दिवशी पाणी मागितलं.

सासू दोन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, माह्याशी एक शब्द बोलली नाई. पाणी मागितलं आयकून आत आली, पोराच्या तोंडावरून हात फिरवला, मंग माह्याकडं वळली. म्हणे, तू जेवली का व? तिच्यावर मी कधी राग ठेवला नाई. तिचं लेकरू होतं ते, भेणारच.

मालकाच्या त्या पायाचं एक बोट अजून बधिर आहे, बाकी माणूस खणखणीत, आताबी वावरातच गेले आहेत, बूट घालून. मीबी सत्तरी पार केली. पुढं काय येते कोणाले ठाऊक, येऊ दे, आमी बसलो आहोत. तुमचंबी भलं होवो बाई, लेकरंबाळं सुखात राहोत. बसा घडीभर, चहा टाकते, आज दूध आहे घरात.