अकरा पाइपांची श्रीमंती

मूळचे आम्ही शिरपूरकडचे. राज्याची हद्द ओलांडून उधन्यात आलो ते कापड विणायच्या लूमवर, पण तो खडखडाट डोक्यात असा बसला की झोपेतही थांबेना, म्हणून लूम सोडली आणि बोअरच्या कामाला लागलो. कपडा रंगवणाऱ्या मिलला पाणी लागतं, पाण्याला बोअर लागते, आणि बोअरीत मोटार सोडायला पाटील लागतो, म्हणजे मी. साखळीनं मोटार सोडायची, वीस फुटी पाइपाला पाइप जोडत जायचं, पाणी खाली गेलं की सगळं वर काढून आणखी एक जोडायचा. एवढंच काम, पण काय सांगू तुम्हाला, त्याचा रुबाब केवढा! चहाच्या टपरीवर शेठ लोक एकमेकांना विचारायचे, तुझे पाइप किती? एक म्हणायचा सात, दुसरा म्हणायचा माझे नऊ, आणि नऊवाला बाकावर जरा पसरून बसायचा. मीही सांगायचो, ते नऊ मी सोडलेत. पाणी पळतंय आणि आपण मिरवतोय, हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

माझ्या आईच्या येत होतं. आमची चाळ मिलच्या भिंतीला लागून, चाळीला एकच हापसा, आणि तो धापा टाकायला लागला होता. आई म्हणायची, तुन्हा पाइप वाढनात आनि मन्हं पानी गयं.

मग देशपांडे बाई आल्या, आकडेवारीच्या सरकारी खात्यातल्या. मिलमध्ये यंत्रं किती, पाइप किती, इमारत केवढी, सगळं फॉर्मात भरायचं, असे गावोगावचे फॉर्म जमले की देशाची संपत्ती कळते म्हणे. शेठ छाती काढून म्हणाला, बहेन, लखो, अगियार पाइप. बाईंनी अकरा लिहिले, मग मला विचारलं, भाऊ, आधी किती होते? म्हटलं, चार. मग पाणी वाढलं का? म्हटलं, नाही बाई, पाणी लांब गेलं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, म्हणजे पाणी जितकं खाली जाईल तितकी ही मिल माझ्या फॉर्मात श्रीमंत. शेठ म्हणाला, थँक यू बहेन.

दर वेळी पाणी कुठं लागलं, त्याची लाल रेघ मी पंपाच्या खोलीतल्या भिंतीवर मारायचो, मोटारीची केबल कापताना लांबी चुकू नये म्हणून. बाईंनी ती भिंत कागदावर उतरवली आणि फॉर्मला टाचली. त्यांच्या साहेबांनी कागद परत पाठवला, फॉर्मात पाण्याला रकाना नाही म्हणून. बाईंनी पुन्हा टाचला. तीनदा परत आला, तीनदा टाचला, आवाज कधी चढवला नाही. देशासाठी भाषणं करणारे मी पुष्कळ पाहिलेत, टाचणी घेऊन लढणारी ही एकच.

तेवढ्यात शेठनं ठरवलं, दुसरी बोअर चाळीकडच्या भिंतीजवळ, म्हणजे आमच्या हापशापासून दहा पावलांवर. म्हटलं, शेठ, तिथं मी मोटार सोडणार नाही. म्हणाला, तू नहीं तो दूसरा. खरंच होतं ते. मी बाईंकडे गेलो. म्हणाल्या, थांबवायचा अधिकार मला नाही हो, मोजायचा आहे. तरी आल्या. शेठच्या टेबलावर कागद पसरला, लाल रेघांखाली खडक कुठं आहे ते माझ्याकडून काढून घेतलं, आणि शांतपणे विचारलं, शेठ, पाणी तेच, दोन बोअरींनी दुप्पट वेगानं उतरेल, आणखी चारदा पाइप वाढवाल, मग खडक, मग कपडा कशात धुणार? शेठला पाणी कळत नव्हतं, मिल बंद पडणं लगेच कळलं. भिंतीजवळची बोअर रद्द झाली. शेवटच्या धुण्याचं पाणी टाकीत धरून पहिल्या धुण्याला वापरायला लागले.

बाई आता निवृत्त झाल्या. हापशाला वीस झटके द्यावे लागतात, पण पाणी येतं, आणि आई हापशाला शिव्या नि बाईंना आशीर्वाद एकाच दमात देते. परवा नवे साहेब फॉर्म घेऊन आले. विचारलं, पाइप किती? म्हटलं, अकरा. मागच्या वेळी? म्हटलं, अकरा. त्याआधी? अकराच. साहेबांना माझं वाईट वाटलं. म्हणाले, म्हणजे काहीच प्रगती नाही.

म्हटलं, नाही साहेब, देवाच्या कृपेनं.