पेन्सिलीची फुली

सगुणा : मी सांगते गुरुजी, गाण्याबिगर नाटक म्हंजे नुसतं भांडण. ते आमच्या घरात रोज चालतं. फुकाट.

गुरुजी : भांडणातसुद्धा सूर असतो, सगुणाबाई. थांबून ऐकावं लागतं.

सगुणा : काय? जरा मोठ्यानं बोला की. रोह्यावरनं पेणला आलात आन् कुजबुजताय काय!

मालती : त्यांचा आवाज तसाच आहे गं. तीस वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय. नटाला ऐकू जावं, लोकांना जाऊ नये.

सगुणा : म्हंजे नाटकात असून नाटकात नाय.

गुरुजी : अगदी तसंच.

सगुणा : मग आमच्या पोपटदादाला तुमीच सांगायचात व्हय? कासूचा पोपट. माझं माहेर कासू, तो माझा थोरला भाऊ. 'संगीत पुष्करावती'त तो राणी व्हायचा. दिवसा चिखलणी आन् रातच्याला राणी! बाप जिता असताना मिशी काढली, म्हणून आमच्या बानं चार दिस त्याचं तोंड नाय बघितलं.

गुरुजी : पोपटला सांगावं लागायचंच नाही. गद्य विसरला की तो सरळ पद सुरू करायचा, आणि पेटीवाला मोरू त्याच्यामागे धावायचा. एकदा पहिल्याच अंकात तिसऱ्या अंकातलं विरहाचं पद घेतलं. राजा समोर उभा!

सगुणा : आन् लोक?

गुरुजी : लोकांनी वन्समोअर दिला.

मालती : म्हणून मला संगीत नाटकच आवडतं. रेडिओवर पद लागलं की मी हातातलं काम टाकते. गाणारा अडला तरी पेटी चालू असते. माणूस एकटा पडत नाही.

गुरुजी : मालतीबाई, मी त्याच गोष्टीसाठी आलोय.

मालती : वाटलंच मला. एकोणतीस वर्षांनी कुणी नुसतं चहाला येत नाही.

सगुणा : कंची गोष्ट? मी जाऊ का बाहेर, भांडी घासाया?

मालती : बस. तुझ्यापासून काय लपवायचं? सदुसष्ट साल. रोह्यात गणपतीतलं नाटक होतं. तिथल्या नाट्यमंडळाच्या माधवरावांनी लिहिलेलं, 'उसना उंबरा'. विधवा बहीण भावाकडे राहते, त्याची गोष्ट. सगळं गद्य. पोपट म्हणाला, पद नाही तर मी नाही. मग बाईचं काम बाईनंच करावं असं माधवरावांच्या मनात आलं. मी तेव्हा तिथल्या शाळेत नवी होते. बावीस वर्षांची. मंडळाच्या स्टेजवर चढलेली पहिली बाई.

सगुणा : आगो बाय! तुमी?

मालती : मी. महिनाभर तालीम केली. दुसऱ्या अंकात भाऊ विचारतो, "तुझं या घरात आहे काय?" आणि मला पुढचं वाक्य आठवेना. विंगेकडे कान लावला. तिथून काही येईना. मागून शिट्टी आली, मग हशा, मग पडदा.

सगुणा : आन् गुरुजी काय करत व्हते?

मालती : कंदील विझला, म्हणाले. अक्षर दिसलं नाही.

गुरुजी : कंदील विझला नव्हता.

मालती : काय म्हणालात?

गुरुजी : चांगला जळत होता. वाक्य माझ्यासमोर होतं. ही तीच वही. ही इथे त्या रात्री मीच मारलेली पेन्सिलीची फुली आहे बघा. मी दिलं नाही.

मालती : का?

गुरुजी : प्रॉम्प्टरनं वहीवरची नजर उचलायची नसते. त्या दिवशी मी उचलली. तुम्ही पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होता. सबंध मांडव गप्प. पहिल्या रांगेत आनंदीबाई, माधवरावांच्या आई, डोळे पुसत होत्या. मला वाटलं, नाटक ते हेच. आता वाक्य दिलं तर मोडेल. म्हटलं, अजून थोडं थांबू, अजून थोडं. तेवढ्यात शिट्टी आली.

मालती : म्हणजे तुम्हाला आवडलं म्हणून.

गुरुजी : शेकडो प्रयोग बघितले मी, विंगेतून, एका बाजूनं. सगळ्यांत आवडतं नाटक कोणतं, असं कुणी विचारलं, तर माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच येतं. तुम्ही काही न बोलता उभ्या आहात.

मालती : तुमच्या आवडीपायी माझं नाटक गेलं, गुरुजी.

सगुणा : बाई, चहा निवतोय.

मालती : निवू दे. वडील दुसऱ्या दिवशी म्हणाले, पुरे झाली शोभा. मी पेणला बदली मागून घेतली. त्यानंतर एकाही नाटकाला गेले नाही. कंदिलाला मी कधीच माफ केलं होतं. स्वतःला नाही केलं. आपल्याला येतच नव्हतं, असं धरून चालले. वर्गात मूल कविता म्हणताना अडलं ना, की मी लगेच पुढचा शब्द देते. क्षणभर थांबत नाही. मुलं रागावतात. म्हणतात, बाई, आठवत होतं, तुम्हीच घाई केलीत.

सगुणा : आवो गुरुजी, तवाच खरं का नाय सांगितलंत?

गुरुजी : भ्यालो. मंडळातून काढतील म्हणून. मग राहिलं ते राहिलंच. आता घरी बोलायला कुणी नाही. संध्याकाळी वह्या काढून बसायचो. राजा मीच, राणी मीच, आणि सगळे कुजबुजायचे. मोतीबिंदू वाढला, तशा बाकीच्या वह्या वाचनालयाला देऊन टाकल्या. ही देववेना. या फुलीपाशी आलो की मी थांबतो. तिच्यापुढे मी कधी गेलोच नाही.

सगुणा : गुरुजी, चारची गाडी चुकंल हां तुमची.

मालती : चुकली तर पुढची आहे. गुरुजी, उठा. त्या स्वयंपाकघराच्या पडद्यामागे स्टूल आहे, तिथे बसा. सगुणा, तू भाऊ हो.

सगुणा : मी? मला मिशी कुठं हाय?

मालती : पोपटला होती, ती काढावी लागली. तुझं ते काम वाचलं. म्हण, "तुझं या घरात आहे काय?" रागानं म्हण.

गुरुजी : मालतीबाई, मला आता अक्षर दिसत नाही.

मालती : दिसायला कशाला हवं?

(गुरुजी वही घेऊन पडद्यामागे जातात. मालती पदराचं टोक मुठीत धरून खोलीच्या मधोमध उभी राहते.)

सगुणा : तुझं या घरात हाय काय? … बाई? बोला की. बाई गो, काय झालं?

गुरुजी : "माझं काही नाही, दादा. पण संध्याकाळचा दिवा मीच लावते."

सगुणा : आलं बघा पडद्यामागनं! ऐकलंत ना?

मालती : ऐकलं.

सगुणा : मग म्हणा की. परत इसरलात व्हय?

मालती : नाही गं. ते मला दुसऱ्या दिवशी सकाळीच आठवलं होतं, पाणी भरताना. तेव्हापासून पाठ आहे. आज फक्त कुणी देतं का, ते बघत होते.