अठरा शेर

(कवठे महांकाळच्या अलीकडचं लहान स्टेशन. रसूल इथला हमाल. सन १९४६, चैत्र. मिरजेकडून आलेली दुपारची गाडी नुकतीच पुढे गेली आहे.)

साळूबाई : बसा म्हनू नगासा मला. आदी ह्ये सांगा रसूलभाई, तुमचा काटा खोटा का तुमी खोटं?

रसूल : वैनी, पाणी तरी प्या. उन्हाचं आलाय. काय म्हनला डाक्टर?

साळूबाई : हसला. चिडला असता तर बरं वाटलं असतं. म्या मोठ्या तोंडानं सांगितलं, "सायेब, तुमी अठरा शेर उतरवून ये म्हनलाता, त्यातलं निम्मं उतरलं." त्येनं मला त्येच्या काट्यावर हुबी केली. त्यो काटा रतलाचा. कंपौंडरनं हिसाब करून मणात सांगितलं. दोन मण तेरा शेर.

रसूल : तेरा.

साळूबाई : तेरा. आन् मागल्या बाजारी तुमी मला काय सांगितलंसा?

रसूल : दोन मण नऊ.

साळूबाई : मग मधलं चार शेर आलं कुठनं? सांगलीपतुर जाताना गाडीत खाल्लं म्या?

रसूल : काटा खरा हाय, वैनी. लगेजचा सरकारी काटा. दर साली सायेब येऊन तपासून जातोय.

साळूबाई : म्हंजी तुमी.

रसूल : व्हय. मी.

साळूबाई : कवापास्नं?

रसूल : दोन म्हैने. दसऱ्याला दोन मणाच्या वर अठरा हुतं. तितनं फुडं खरंच सांगत आलो. सोळा, चौदा, मग पौषात तेरा. तितं जे बसलं ते बसलं. माघात तुमी काट्यावर हुब्या ऱ्हायलासा आन् म्हनलासा, "रसूलभाई, या बारीला उतरलं नसंल तर मी परत ह्या ठेसनात पाय टाकायची न्हाई." आठवतंय?

साळूबाई : म्हनले असंन.

रसूल : म्हनलासा. मी दांडीकडं बघितलं, तुमच्या तोंडाकडं बघितलं. तोंडातनं अकरा निघालं.

साळूबाई : आन् फाल्गुनात नऊ.

रसूल : एकदा अकरा म्हनल्यावर परत तेरा कसं म्हनू? पर एक सांगा, त्या दोन म्हैन्यांत तुमी पथ्य मोडलं का?

साळूबाई : न्हाई. लेकीच्या डोहाळजेवणात पुरणपोळी म्होरं आली, हात लावला न्हाई. म्हनलं, उतरतंय न्हवं, आता कशाला बिघडवा.

रसूल : मग माझ्या खोट्यानं कामच केलं की.

साळूबाई : तसं बोलू नगासा. माझ्या बेंबीपाशी नारळाएवढी गाठ हाय. आतडं भाईर येतंय. डाक्टर म्हनतोय, चरबीत टाका धरत न्हाई, आदी वजन उतरव मग कापतो. तवर आतडं मधीच अडाकलं तर? माझी मावशी तशीच गेली, तीन दिस वरडत हुती. आन् मी तुमच्या नऊ शेरावर ईसंबून निवांत निजत हुते.

रसूल : मला वाटलं, खरं सांगितलं तर तुमी सोडून द्याल.

साळूबाई : सोडलं असतं का न्हाई, ते माझं मला कळलं असतं. तुमी ते कळूच दिलं न्हाई.

रसूल : चुकलं, वैनी.

साळूबाई : आता त्या दांडीवर कुठं काय बघायचं ते मला दावा.

रसूल : आकडे इंग्रजी हायत.

साळूबाई : खाचा हायत न्हवं?

रसूल : हायत. एक खाच म्हंजी एक शेर. ही मोठी रेघ दोन मणाची, तिच्याफुडं मोजायचं. ह्ये वजन हळूहळू सरकवायचं. दांडी वर न्हाई, खाली न्हाई, मधीच तरंगाय लागली की थांबायचं.

साळूबाई : व्हा बाजूला. एक, दोन, तीन... बोलू नगासा, माझी मी मोजते.

रसूल : किती झालं?

साळूबाई : तेरा. खरं हाय डाक्टरचं.

*

लालासाहेब : एक शेर? म्हैन्याभरात एक शेर, आन् तू हसतीयास?

साळूबाई : बारा खाचा भरल्या. माझ्या हातानं मोजल्या.

रसूल : लालासाहेब, तुमी सुट्टीवर का कायमचं?

लालासाहेब : कायमचं. लढाई खलास, आमची नौकरी खलास. सहा वरसांनी घर बघितलं गड्या, तर दारात ही हुबी. मी वळखली न्हाई. खरं सांगतो, मागं वळून वाट बघत हुतो की साळू कवा भाईर येती.

साळूबाई : सांगा. समद्या ठेसनाला सांगा.

लालासाहेब : गाव सांगतंय, मी कशाला सांगू? रेशनात समदी माणसं वाळली आन् लालासायबाची बायकू तेवढी फुगली, असं म्हनत्यात.

साळूबाई : गाठ आल्यापास्नं वाकायचं बंद, पाणी आणायचं बंद. दिसभर दारात बसून ऱ्हायची. पोस्टाचा माणूस वेशीत दिसला की वाटायचं, आली पलटणीची तार. त्यो फुडं गेला की आत जाऊन खायाची. परत त्यो येईतवर खायाची. सहा वरसं ह्येच चाललंतं.

लालासाहेब : तार तर आली न्हाई.

साळूबाई : न्हाई आली. पर हात ताटात जायाचा काय थांबला न्हाई.

रसूल : च्या सांगू का कुनाला?

लालासाहेब : नको. हिला तर अजिबात नको. ऐक साळू, पलटणीत नवी पोरं यायची, ढोलासारखी पोटं घेऊन. उस्ताद त्येंना सहा हप्त्यांत सपाट करायचा. उद्यापास्नं माझी आर्डर. आठ दिस नुसतं लिंबू-पाणी, आन् पहाटे डबल, म्हंजी पळायचं.

रसूल : डाक्टर तर म्हनलाता की म्हैन्याला दोन शेर लय झालं. घाई करू नगा म्हनून.

लालासाहेब : डाक्टरला काय, त्येला दुसरी पेशंट हायत. हिच्या पोटात आतडं अडाकतंय का काय, म्हनून झोप मला येत न्हाई.

साळूबाई : मला बी कटाळा आलाय, रसूलभाई. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

*

रसूल : या लालासाहेब. एकलंच? वैनी न्हाईत आल्या?

लालासाहेब : कुनी ऐकत न्हाई न्हवं?

रसूल : मास्तर जेवाय गेल्यात. बोला.

लालासाहेब : पडली, गड्या. नवव्या दिशी, ईरीच्या काठावर. दोन पावलं इकडं पडली म्हनून हाय.

रसूल : या अल्ला. लागलं?

लालासाहेब : कपाळाला खोक पडली. आदल्याच दिशी इथं येऊन मोजलं हुतं न्हवं आमी, तवा सात खाचा. आठ दिसांत पाच शेर! मी गावभर सांगत सुटलो हुतो. मग गाडीत घालून डाक्टरकडं नेली. पलटणीत कर्नलानं झापलं नसंल असं झापलं मला त्येनं. म्हनला, "चरबी कुठली उतरतीया? हिची ताकद उतरली. असल्या अंगाला सुरी लावली तर जखम भरायची न्हाई."

रसूल : आता कशा हायत?

लालासाहेब : अन्न पोटात गेलं तसं पंधरा दिसांत समदं परत आलं. वर एक शेर ब्याज. परत तेरा.

रसूल : म्हंजी पौषात हुतो तितंच.

लालासाहेब : तितंच. मला वाटलं, आता ही रडंल, मला शिव्या देईल, सोडून देईल समदं.

रसूल : मग?

लालासाहेब : कुठलं काय. सकाळी उठली, भाकऱ्या केल्या. माझ्या म्होरं अख्खी, आपल्या ताटात निम्मी आन् पालेभाजी. जेवण झाल्यावर म्हनली, "माळावरच्या देवळापतुर चालून येते." मी म्हनलं, मी बी येतो. तर म्हनली, "तुमची चाल लय जोराची. यायचं तर माझ्या मागनं या."

रसूल : गेलासा?

लालासाहेब : रोज जातो. मागनं.

*

लालासाहेब : आवर साळू. सिग्नल पडला, गाडी येतीया. किती हाय सांग लवकर.

साळूबाई : दांडी थांबू द्या की.

रसूल : मी तिकडं तोंड करून हुबा ऱ्हातो, वैनी. तुमीच सांगा.

साळूबाई : बघा की आता, बघितलं म्हनून काय हुतंय? मोठ्या रेघंच्या फुडं एक.

लालासाहेब : एकच! मग झालं तर. रसूल, दोन तिकिटं आण. मिरजंला गाडी बदलली की दिवस मावळायच्या आत सांगली.

साळूबाई : डाक्टर दोन मण म्हनलाय. एक शेर वर हाय.

लालासाहेब : एका शेरासाठी काय परत धाडतोय त्यो? माघ सरत आला. वरीस झालं, वर चार म्हैने झालं.

रसूल : एका शेरात काय वैनी, अंगावरचं लुगडंच तेवढं भरंल.

साळूबाई : लुगडं ह्या दसऱ्याला बी अंगावर हुतंच की. तवा नऊ खाचा मोजल्या. दिवाळीला सात. त्याच्या फुडल्या म्हैन्यात परत सातच. आठवतंय का?

लालासाहेब : आठवतंय. तवा मी चिडलो हुतो.

साळूबाई : तुमी चिडलासा. मी घरी गेले, जेवले, निजले. सकाळी उठून माळावर गेले. तवा कुनी गाडी पकडाय पळालं न्हाई, मग आज का?

लालासाहेब : आन् तवर ते आतडं? भ्या वाटत न्हाई तुला?

साळूबाई : वाटतंय की. रोज वाटतंय. तसंच वाटत वाटत चालते.

रसूल : गाडी आली. काय करायचं, लालासाहेब?

लालासाहेब : मला काय इचारतूस? तिला इचार.

साळूबाई : जाऊ द्या गाडी. फुडल्या म्हैन्यात बघू.

*

रसूल : या वैनी, या! हात देऊ का?

साळूबाई : नगं. उतरते माझी मी. मागनं ते येत्यात बगा, त्येंच्या डोक्यावरनं ट्रंक तेवढी उतरवून घ्या.

लालासाहेब : मला कुनाची मदत नको. मी तीन देश फिरून आलोय ह्या ट्रंकेसंगं.

रसूल : अठरा दिस झालं की वो. मी रोज ह्या गाडीला येऊन बघत हुतो. कसं झालं?

साळूबाई : झालं. अकरा टाकं पडलं. समदं धरलं.

लालासाहेब : डाक्टरच्या काट्यावर दोन मणाला एक रतल कमीच भरली. कंपौंडर दोनदा मोजत हुता.

रसूल : डाक्टर काय म्हनला?

साळूबाई : म्हनला, "घाई केली न्हाईस ते लय बरं केलंस." म्या म्हनलं, केली हुती की सायेब, एकदा. कपाळावरली खूण दावली त्येला.

लालासाहेब : तवा त्यो माझ्याकडं बघत हुता. मी छताकडं.

रसूल : आता काय पथ्य सांगितलंय का समदं मोकळं?

साळूबाई : खाण्याचं हाय तेच. चालायचं दीड म्हैन्यानं, बेतानं. आन् सहा म्हैने जड म्हनून काय उचलायचं न्हाई.

रसूल : मग ह्ये काखंतलं गठुडं?

साळूबाई : तेच म्हनते. घ्या ह्ये, रसूलभाई. वेशीपतुर सोबत करा.